दत्ता कुणाच्या घरी गेला होता

१२ जानेवारी, सोमवार

सातवीचा तास घेत असताना व्हॉट्सॲपवर बसवराजचा आवाज आला. बसवराज म्हणजे देगलूरचा, तिकडं माझ्या भावाच्या, दत्ताच्या खोलीत राहणारा. मधल्या सुट्टीत ऐकला. "अक्का, दत्ताला पोलिसानं नेलेत. प्रार्थनेतून उचलले. मी सांगितलो म्हणून कुणाला बोलू नका." एवढंच. परत लावला तर बंद.

कुठली प्रार्थना? पाच वर्षं एसी दुरुस्त करणारा माणूस. माहूरला जायचं म्हटलं तरी मायनं धरून न्यावं लागायचं.

काहीतरी वेगळं असणार. भांडण, चोरी, बाई. प्रार्थना हे सांगायला.

देशाचं नाव इथंही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

१३ जानेवारी

नांदेडहून वै.चा फोन, दत्ताच्या बायकोचा. दत्ताच्या कंपनीतून तिलाही कळलं. एका फ्लॅटमध्ये ख्रिस्ती लोकांची प्रार्थना चालू होती, परवानगी नव्हती, सगळ्यांना नेलं. त्यात दत्ता.

"तो तिथं कशाला गेला होता?" म्हटलं.

"म्हायती नाही अक्का."

नवरा तुरुंगात, आणि बाई इतक्या शांतपणे बोलते? दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते, तिथं बोलते तसंच बोलली. आणि रविवारी सकाळी हिचा फोन कधी लागत नाही. हे आज आठवलं असं नाही. आज जुळलं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मायला एवढ्यात कळवू नको." मग थोड्या वेळानं, "तुला खरंच काही माहीत नव्हतं?"

१७ जानेवारी, शनिवार

नांदेड. वै.कडं मुक्काम. ती भाजी आणायला खाली गेली तेव्हा तिचं कपाट उघडलं. साड्यांखाली हात घातला. दत्ताचे शर्ट, इस्त्री करून. देव्हाऱ्यात रेणुकामाता, फूल ताजं. तेसुद्धा मला दाखवण्यापुरतं ठेवल्यासारखं वाटलं.

वळले तर वै. दारात. पिशवी हातात.

"काय शोधून राहिलात?"

"पिन."

"क्रॉस शोधून राहिलात." पिशवी खाली ठेवली. "मीबी शोधला. सगळं घर उचकलं. गादी उसवली."

मग रडली. पहिल्यांदाच. रविवारी ती दवाखान्यात जादा ड्यूटी करते, फोन बाहेर जमा करावा लागतो म्हणाली. मी विचारलं नव्हतं. तिला कसं कळलं मला तेच विचारायचं होतं?

रात्रीच्या भाजीला मीठ नव्हतं. दोघींनी तशीच खाल्ली.

२० जानेवारी

मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, तुमचा भाऊ बाहेर असतो ना? कसा आहे?" नऊ वर्षांत पहिल्यांदा. बरा आहे म्हटलं. ते "बरं बरं" म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

लातुरात आम्ही दोघंच जाणतो. हे म्हणतात, मी कुणाला बोललो नाही. मीही नाही. मग?

शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी धर्मांतराचा एक व्हिडिओ टाकला होता. रोजच टाकतात. आजचा माझ्यासाठी होता का, हे कळायला मार्ग नाही.

२५ जानेवारी, रविवार

मायला कळवायचा प्रश्नच मिटला. मुखेडहून दोन पोरं मोटारसायकलवर गावात आली होती, कपाळाला गंध, बोलायला गोड. "आज्जी, तुमच्या पोराला फसवलंय, तेवढं कॅमेऱ्यासमोर म्हणा, आम्ही दिल्लीपर्यंत पोचवतो." मायनं चहा पाजला आणि सांगितलं, "माझं पोरगं कामावर हाय. फसवायला ते काय लहान हाय?" पोरं गेल्यावर मला फोन. आवाज जागेवर. "दत्ता आत हाय म्हणं. तुला कवा कळलं?"

खोटं सांगितलं. काल कळलं म्हणाले.

दुपारी आमच्याच दारात एक माणूस. पांढरा शर्ट, बगलेत पुस्तक. लातुरातच कुठं तरी त्यांची सभा भरते. दत्तासाठी प्रार्थना ठेवायची आहे, फोटो द्या.

"प्रार्थनेला फोटो कशाला?"

"ताई, चेहरा समोर असला की लोकांचं मन लागतं."

उद्या तोच चेहरा कुठल्या पत्रकावर छापून येईल, त्यावर कुठून काय वर्गणी गोळा होईल. दिला नाही. पत्ता कुणी दिला विचारलं, तर नुसता हसला.

मायकडच्या पोरांनी जाताना म्हटलं, तो आमचा आहे. ह्यानंही दारातून तेच म्हटलं. शब्दाला शब्द.

१ फेब्रुवारी, रविवार

बसवराज गावी आलाय. सुट्टीवर म्हणतो. दत्ताला पकडल्यावर लगेच ह्याला सुट्टी कशी मिळाली? देगलूरला गेले. हे आले नाहीत, ऑडिट आहे म्हणाले. रविवारी.

ढाब्यामागं ह्याचं घर. त्याची आई माझ्याशी मराठी बोलायची, मान वळवून त्याच्याशी कानडी. मधूनच दत्ताचं नाव. काय बोलतायत कळत नव्हतं, म्हणून मी चहा लवकर संपवला नाही.

सरळ विचारलं. "तू सांगितलंस पोलिसांना?"

"नाही अक्का. देवाशपथ."

"मग?"

आधी आईकडं बघितलं. मग सांगितलं. दत्ताला फ्लॅटवरून धरल्यावर पोलीस दोघांच्या खोलीवर आले. दत्ताच्या उशीखाली बायबल सापडलं, हिंदी. हे कुणाचं म्हणून विचारलं. "मी म्हटलो, माझं नव्हं. तेवढंच बोललो. ते खोटं हाय का?"

"दत्ताचं आहे असं म्हणालास?"

"खोलीत दोघंच होतो अक्का."

त्याच्या गादीखाली खंडोबाचा टाक होता, आईनं दिलेला. ते बायबल बघत होते तेव्हा हा त्याच गादीवर बसला होता. उठ म्हणाले असते तर? "माझे पाय असे हलायलते," म्हणून त्यानं मांडीवर हात ठेवून दाखवलं.

खरं वाटलं. परतीच्या गाडीत मुखेड येईपर्यंत खरं वाटत होतं. मग वाटलं, पाय हलले ते सांगितलं, बाकीचं काय काय सांगितलं नाही?

एक मात्र पक्कं झालं. दत्ता चुकून गेला नव्हता. उशीखाली. मला का नाही सांगितलं? मी काय केलं असतं?

बरंच काही केलं असतं.

३ फेब्रुवारी

कंपनीच्या माणसाचा फोन. कादरभाई. मूळ हैदराबादचे, कामगारांचे व्हिसा, पोलीस, दवाखाना हेच बघतात. नाव ऐकून मी सावध झाले, आणि ते त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "बहनजी, मेरेकू दत्ता से दुश्मनी नक्को. बच्चा अच्छा है."

सांगितलं ते असं. बाकीच्या काहींनी लिहून दिलंय की आम्ही नुसते चहाला, ओळखीला गेलो होतो. त्यांना घरी पाठवतील. दत्ता लिहून देत नाही. घरच्यांनी शपथपत्र पाठवलं, की हा हिंदू आहे, घरी पूजाअर्चा करतो, तिथं चुकून गेला, तर जज ऐकण्यासारखा आहे.

"और नहीं भेजे तो?"

"तो लंबा चलता बहनजी."

हे म्हणाले, ताबडतोब करून टाक. ह्यांना इतकी घाई कशाची, दत्ताची की ऑफिसात तोंड दाखवायची?

७ फेब्रुवारी, शनिवार

गावी. कागद टाइप करून नेला होता. सगळ्यांत मायची सही महत्त्वाची, जन्मदात्री. वै.ला नांदेडहून बोलावून घेतलं. माय अंगणात तूर पाखडत होती. मी वाचून दाखवला. पूर्ण ऐकला. परत सूप हातात घेतलं.

"माय, सही."

"कशावर? खोट्यावर?"

"खोटं काय आहे त्यात?"

"चुकून गेला म्हणं. ते चुकून जात न्हाई. दर शुक्कीरवारी, सुट्टीला, जातंय."

वै. उभी होती ती ओट्यावर बसली.

मायला माहीत होतं. मागच्या खेपेला दत्ता सुट्टीवर आला, तिला माहूरला घेऊन गेला, तेव्हा पायऱ्या चढताना त्यानं सांगितलं. तिचा गुडघा धरला म्हणून मधे टेकले होते, तिथं.

"म्या इचारलं, मग मला वर कशाला न्हून ऱ्हायलास? तर म्हणला, तुझी देवी हाय ना."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? गुडघा दुखत व्हता. म्हणलं, धर मला नीट."

वै. म्हणाली, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" कुणाला विचारत होती कोण जाणे. माय म्हणाली, "तू घर सोडून जाशील म्हणून भेत व्हता. अक्काला सांगितलं तर अक्का त्याला सोडणार न्हाई म्हणला."

इतके दिवस मी बसवराज, कादरभाई, वै., हे, सगळ्यांना ताडत होते. मायकडं बघितलंच नव्हतं. मायशी दुपारभर बोलले नाही. तिनं जेवायला वाढलं, "भाकर मोड" म्हणाली, मी मोडली.

मायनं सही केली नाही. वै.नंही नाही. नाही म्हटलं नाही, पण पेन घेतलं नाही.

९ फेब्रुवारी

कोर्टासमोरच्या नोटरीकडं गेले. एकटीच. मी शपथेवर लिहून देते की माझा सख्खा भाऊ दत्तात्रय हा जन्मापासून आजपर्यंत. असा कागद. नोटरीनं वाचला, चष्म्यावरून बघितलं. "सगळं खरं आहे ना मॅडम?" सगळ्यांना विचारत असेल. विचारतो का सगळ्यांना?

सही केली. मराठी शिकवते म्हणून त्यातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून घेतले. मग केली.

खोटं आहे. सुटका होणार असेल तर असू दे.

१९ फेब्रुवारी

तिकडं रमजान सुरू झालाय, कोर्टाचं काम अर्धा दिवस. कादरभाई म्हणाले कागद पोचला, फाइलीला लागला. आवाज थकलेला. रोजा आहे म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांना विचारलं, घरी कोण कोण आहे. त्यांनी सांगितलं आणि लगेच मला वाटलं, हे मी का विचारलं? माहिती काढायला की माणुसकीनं? मलाच कळलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. कादरभाईंचाच फोन. मी स्टाफरूममधून उठून जिन्याखाली जाऊन घेतला.

जजनं कागद वाचून घेतला. दुभाष्यानं दत्ताला विचारलं, ही तुझी बहीण? म्हणाला, हो. ती लिहिते ते खरं?

"दत्ता बोला, मोहब्बत से लिखी है साब. सच नहीं है."

कादरभाई पुढं बोलत होते. ज्यांनी लिहून दिलं ते चाललेत आपापल्या घरी. दत्ताचं पुढं ढकललं. आणि आता खोटा कागद आणला हेही वर लागायची भीती. कागद माझा. शिक्षा त्याला.

"आप बुरा मत मानो. मैं भी वहीच बोला था आपकू. मेरी भी गलती है."

जिन्याखाली सातवीची दोन पोरं लपली होती, खेळत. मला बघून पळाली.

रागच आला. कागदाचा नाही, दत्ताचा. एक वाक्य. "गेलो होतो चहाला." कोणता देव एवढ्यानं रागावतो?

१ मार्च, रविवार

दत्ताचा फोन! आतून. माय कालपासून इथं लातुरात आहे, बरं झालं. आधी मायशी बोलला. काय खातोस, अंगावर काय आहे, हेच. मायनं एक वेगळं विचारलं, "तितं तुजी ती प्रार्थना करू देत्यात का?" तो काय म्हणाला ऐकू आलं नाही. माय म्हणाली, "मग मनातच कर. कुणाला दिसतंय?"

मग मी घेतला. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं.

"दत्ता, तुला काय पडलंय रे? एक वाक्य म्हण आणि ये घरी."

"अक्का, एकच वाक्य नसतंय ते."

"म्हणजे?"

"चहाला गेलतो म्हणलं की पुढचा सवाल. चहा कुणाच्या घरी? कोण बोलावलं? बाकीच्यायनी लिहून देताना नावं दिली. एक राहिलंय. ज्यांचं घर ते, मलाच म्हायती."

"मग दे ना. कोण आहे?"

"एक बाई हाय, त्या दिवशी निसटली. घरकाम करते. तिच्या मालकाचा फ्लॅट रिकामा राहायचा. तिच्यासाठी धावायला तिचं कुणी नाही, अन् मालक लई वाईट हाय. माझ्याकडं तू तरी हायस." जरा थांबून, "कागद पाठवणारी."

हसला. तुरुंगातून. मला रडू आलं तर तो म्हणाला, "तूर किती झाली ह्या साली?" बाजूला कुणीतरी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आधीचं त्यानं कसं बोलू दिलं? की मराठी कळत नाही म्हणून बोलला, आणि मधेच कुणीतरी कळणारं आलं?

फोन कटला.

५ मार्च

वै.ला सांगायला नको होतं. सांगितलं. ऐकून घेतलं. मग,

"ती बाई कोण अक्का?"

"घरकाम करणारी."

"कुठली? वय काय?"

माहीत नाही म्हटलं. "ज्या बाईसाठी माणूस तुरुंगात राहतो, तिचं वय नाही विचारलं तुम्ही?"

तिचं चुकतंय असं म्हणावंसं वाटलं. पण तिच्या जागी मी असते तर पहिला तोच प्रश्न विचारला असता. खरं तर माझ्याही मनात तोच आला होता, वै.च्या आधी, फोन कटला त्याच क्षणी. लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

हे म्हणाले, "धर्मबिर्म काही नाही, बाईचंच आहे. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं." पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, ह्यांनी नाही.

११ मार्च

मायला विचारलं. तुला काय वाटतं, दत्ता खरं सांगतो?

माय लसूण सोलत होती. "ते बारकं असताना पाटलाच्या चिंचेवर सगळी पोरं चढली. हेच धरलं गेलं. मार खाल्ला, पर दुसऱ्याचं नाव सांगितलं न्हाई. तवा काय येशू व्हता का?"

"मग आता येशू कशाला?"

"ते म्या त्याला इचारीन. आल्यावर."

मला एकदम तिचा हेवा वाटला. तिला सगळं माहीत नाही तरी ती झोपते. मी सगळं तपासते आणि जागी.

गावातनं फोन, ती दोन पोरं परत येऊन गेली. दत्ता "तिकडचाच झालाय" असं आता गावात सांगतायत. कोर्टात तो काय म्हणाला हे त्यांना कसं कळलं? मी, हे, वै., माय, कादरभाई. पाच जणांत कोण?

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. मायनं दत्ताच्या नावानं कडुलिंब खाल्ला, दोनदा.

कादरभाईंना फोन लावला. दत्ताला दुसऱ्या तुरुंगात हलवलंय, तिथून फोन करायची सोय आहे का ते विचारून सांगतो म्हणाले. तारीख ईदनंतर. "मुबारक बोलना था आपकू, आज आपका नया साल है ना?" त्यांना कसं माहीत? दत्तानंच सांगितलं असणार. एवढं साधं. तरी आधी "कसं माहीत" हेच आलं मनात. काय झालंय मला.

२२ मार्च, रविवार

सकाळी दहाच्या सुमाराला फोन. बाहेरच्या देशाचा नंबर, पण दत्ताच्या देशाचा नाही. बाईचा आवाज. मोडकं हिंदी.

"दत्ता भैया की दीदी?"

मी उठून दार लोटलं.

"दीदी, मैं पहुँच गई. अपने देश. वो मेरा नाम नहीं बोले. उनका क्या हुआ?"

मागं कोंबडा आरवत होता. एखादं लहान मूल. खेडं असावं. हे सगळं आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा एकच सुचलं, हिला माझा नंबर कसा मिळाला, पोलिसांनीच हिला बसवलं असेल तर? मी "हो" म्हटलं की नाव पक्कं. कुणाचं, हिचं की दत्ताचं, तेही धड कळत नव्हतं. माझा एक कागद जाऊन त्याच्याच अंगावर पडला होता.

"राँग नंबर," म्हटलं. "कोई दत्ता नहीं है यहाँ."

  तिनं फोन ठेवला.

स्वयंपाकघरात गेले. माय भाकरी थापत होती. सांगितलं. चिडेल वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "आवाज कसा व्हता?"

"भ्यालेला."

"मग तीच."

भ्यालेलं कोण नाही? बसवराज भ्यालेला होता. मीही राँग नंबर म्हटलं तेव्हा माझा आवाज तिला तसाच लागला असेल.

पण ती खरंच पोचली असेल, तर आता नाव लपवायचं काही कारणच उरत नाही. दत्ता बोलू शकतो. हे त्याला कळवायला हवं. आणि ती नसेल, तर हेच त्याला कळवणं म्हणजे त्याच्याच तोंडून तिचं नाव काढून घेणं.

हे म्हणतात, काही करू नको. वै. म्हणते, नंबर द्या, मी बोलते. तिला दिला नाही. माय म्हणते, लाव.

दुपारपासून तीनदा लावला. वाजतो. कुणी उचलत नाही. आता परत लावते.